‘आमच्यात’ आणि ‘आपल्यात’

सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला एक अक्का राहायच्या. विड्या वळायच्या. दुपारभर दारात बैठक. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता, आणि बोटं चालू असतानाच गप्पाही चालू. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, म्हणून गल्लीचा ‘सर’. कार्डावर हजेरी कमी लागली, कारखान्यात नापास विड्यांची छाट जास्त काढली, बँकेचा फॉर्म अडला, की अक्का मला हाक मारायच्या.

एका डिसेंबरात त्यांनी मला दारातच थांबवून हातावर पेढा ठेवला. धाकटीचं ठरलं होतं. मुलगी सतराची. मला नक्की माहीत होतं, कारण तिचा दहावीचा फॉर्म मीच भरून दिला होता.

“अक्का, अठरा तरी पूर्ण होऊ द्या की.”

“आमच्यात असंच असतंय, सर.”

मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. त्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, मी कॉलेजात मानवी हक्क दिनाचं भाषण ठोकलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याचं सोळावं कलम तोंडपाठ होतं: लग्न व्हायचं ते दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनं. मुलांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. अक्कांच्या दारात मात्र त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. त्या गप्प बसण्याला मी मनातल्या मनात ‘दुसऱ्याच्या संस्कृतीचा आदर’ असं नाव दिलं. भित्रेपणा हे त्याचं दुसरं नाव सुचायला बरीच वर्षं जावी लागली.

आत, चुलीच्या बाजूला, ती मुलगी विड्यांना दोरा गुंडाळत बसली होती. तिच्या लग्नाबद्दल मी आणि अक्का पाचेक मिनिटं बोललो. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

मराठीला एक सोय आहे, ती इंग्रजीला नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. अक्कांच्या तेलुगूतही हीच व्यवस्था: ‘मेमु’ आणि ‘मनमु’. कन्नडात दोन्हींना ‘नावु’, त्यामुळे समोरचा आपल्याला घरात घेतोय की उंबऱ्याबाहेर उभं करतोय, हे अक्कलकोट रोडवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. सोलापुरात वाढलेला माणूस या तिन्हींतून दिवसभर ये-जा करतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. ‘आमच्यात असं असतं’ हे वाक्य ऐकायला माहिती दिल्यासारखं वाटतं, पण ते दार लावण्यासाठी असतं. आत काय चाललंय ते तुमचं काम नाही, एवढाच त्याचा अर्थ. विद्यापीठात याला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आमच्याकडे तीन शब्दांत भागतं.

या वाक्याची एक खोड माझ्या हळूहळू लक्षात आली. ते सगळीकडे वापरलं जात नाही. पोलिसांनी रात्री पोरगा उचलून नेला, तर कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा बाप चौकीबाहेर उभा राहून ‘आमच्यात पोरांना असंच मारतात’ असं म्हणत नाही. तिथं आपण सगळे एका रात्रीत वैश्विक होतो. वकील पाहिजे, कोर्टापुढं उभं करा, कारण सांगा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं हा गुन्हा झाला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढवलं. त्यांच्या नावाच्या चौकातून रोज हजारो माणसं जातात. त्या खटल्यात न्याय झाला नाही, असं आपण ठामपणे म्हणतो तेव्हा कुठल्या मापानं म्हणतो? निःपक्ष न्यायालयापुढं उघड सुनावणी, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष: ही कलमं संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात आली ती त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी. ती पाश्चात्त्य आहेत, सोलापूरच्या संस्कृतीला मानवत नाहीत, असं मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

‘आमच्यात’ निघतं ते घरातल्या गोष्टींना. पोरीचं लग्न, सुनेचा पदर, कुणाच्या हातचं पाणी, विधवेचं कुंकू, वाटणीतला बहिणीचा हिस्सा. जिथं अन्याय करणारा वरचा असतो तिथं हक्क, आणि जिथं तो आपल्यातलाच असतो तिथं संस्कृती. ही विभागणी इतकी सोयीची आहे की ती आपोआप पडली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मानवी हक्क गोऱ्यांनी आपल्यावर लादले, हा आक्षेप वर्गात दरवर्षी एखादा तरी हुशार मुलगा घ्यायचा. आक्षेपात तथ्य आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनाम्याच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत ब्रिटन आणि फ्रान्स होते, आणि त्या दिवशीही त्यांच्या ताब्यात आफ्रिकेतले आणि आशियातले कोट्यवधी लोक होते. आजही अमेरिका स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार आणि बालहक्कांचा करार सही करून ठेवते, पण स्वतःला बांधून घेत नाही. जगाला शिकवणाऱ्याचं स्वतःचं वागणं असं असेल, तर ऐकणारा चिडणारच.

पण त्या दिवशीचं मतदान नीट बघितलं की चित्र वेगळं दिसतं. ४८ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. तटस्थ कोण? सोव्हिएत गटातले सहा देश, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. म्हणजे तटस्थांत गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यात बसवायला निघालेला देश होता. त्याला ‘सगळी माणसं समान’ हे पचणं शक्यच नव्हतं. सौदीचा आक्षेप लग्नातल्या समानतेवर आणि धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर, इस्लामी परंपरेच्या नावानं. त्याच सभागृहात पाकिस्तानचे जफरुल्ला खान उभे राहिले आणि त्यांनी कुराणाचाच आधार घेऊन धर्मस्वातंत्र्याच्या कलमाला पाठिंबा दिला. पाकिस्तानच्याच शाइस्ता इक्रामुल्ला लग्नातल्या समान हक्कांसाठी बोलल्या. एकच धर्म, एकाच टेबलाभोवती दोन आवाज. यातला ‘इस्लामी संस्कृती’चा खरा आवाज कुठला, हे ठरवायला न्यूयॉर्कचा मानवशास्त्रज्ञ बोलवायचा का?

बोलावला होता, असंही म्हणता येईल. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनं एक निवेदन काढलं. प्रत्येक संस्कृतीची मूल्यं वेगळी असताना हा जाहीरनामा केवळ पश्चिम युरोप-अमेरिकेच्या कल्पनांचा न होता साऱ्या जगाचा कसा होईल, असा त्यांचा सवाल होता. हेतू उदात्त होता. साम्राज्यवादानं तुडवलेल्या लोकांचा त्यांना कळवळा होता. पण प्रत्येक संस्कृतीला एकच तोंड असतं, असं त्यांनी गृहीत धरलं. पन्नासेक वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच संघटनेनं मानवी हक्कांच्या बाजूनं नवा ठराव केला.

पहिल्या कलमाची गोष्ट मला जास्त आवडते. मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हट्ट धरून तिथं ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेतलं. ‘मेन’मध्ये बायका येतातच, असं बाकीच्यांचं म्हणणं. येत नाहीत, हे सुरतेत जन्मलेल्या आणि बडोद्याच्या घरात वाढलेल्या बाईला ठाऊक होतं. चीनचे पी. सी. चांग यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळं देव आणि निसर्ग हे दोन्ही शब्द त्या कलमाबाहेर राहिले. ‘माणसाला हक्क आहेत’ यावर एकमत होतं. ते ‘का आहेत’ यावर ते कधीच होणार नव्हतं, आणि हे ओळखण्याइतकी ती मंडळी शहाणी होती. ‘का’ ज्यानं त्यानं आपापल्या घरून आणायचा. गांधीजींनी १९४७ मध्ये युनेस्कोच्या ज्यूलियन हक्स्ले यांना लिहिलं, की हक्क हे नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, आणि हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. गांधींच्या आईचा ‘का’ वेगळा, पॅरिसच्या वकिलाचा वेगळा. चालेल की.

आता आपल्याकडं वळू, कारण ‘आमच्यात ढवळाढवळ नको’ ही मांडणी महाराष्ट्रात संयुक्त राष्ट्रांच्या कितीतरी आधीची आहे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा. आज वाचताना अंगावर काटा येतो: वाद दहा की बारा यावर होता. टिळकांचा विरोध होता तो परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करण्याला. सुधारणा करायची तर समाजानं आतून करावी. हा युक्तिवाद मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आणि त्याची धार मला कधी बोथट वाटली नाही. ज्या सरकारला आपण निवडलेलं नाही, त्यानं आपल्या लेकीबाळींचा कैवार घ्यावा यात खरंच काहीतरी सलतं.

पण ‘आतून’ म्हणजे कुणी? रखमाबाई आतल्याच होत्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडं जाणार नाही, असं म्हणाल्या. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. त्या वेळी त्यांच्याविरुद्ध जे रान उठलं, ते समाजाच्या नावानंच उठलं. आतून बोलणारी बाई निघालीच, तर लगेच तिला बाहेरची ठरवायचं: साहेबांच्या नादी लागली, शिकून बिघडली. टिळकांच्या युक्तिवादातला खड्डा तो हा. समाज आतून सुधारेल म्हणायचं, आणि आतून आवाज आला की त्याला आतला मानायचं नाही.

आणि परक्या सरकारला आपल्या संस्कृतीशी काही देणंघेणं नव्हतं, असंही नाही. त्याला ती हवी तेव्हा फार उपयोगी पडली. सोलापुरातल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायला नको. इथं सेटलमेंट होती. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगतात, आणि त्यातला ‘फ्री’ कशातून मोकळा, हे बऱ्याच नव्या पोरांना माहीत नसतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांना ठेवलं, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि मजुरीला इथल्या गिरण्या. या कायद्यामागचा विचार काय होता? भारतात धंदा जातीनं चालत येतो. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार. मग चोरी करणाऱ्यांचा मुलगा चोरच. ही त्यांची संस्कृती.

विणकरांच्या गावात उभं राहून हे वाक्य पुन्हा वाचा. साहेबांनी आपल्याच समाजव्यवस्थेचा आदर करून तिचंच कुंपण केलं. ‘प्रत्येक समाज वेगळा, त्याची रीत वेगळी, त्याला सामान्य कायदा लावून चालणार नाही’, हे ऐकायला केवढं सहिष्णू वाटतं! आणि त्याचा शेवट तीन वेळच्या हजेरीत झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा गेला. नेहरूंनी स्वतः येऊन इथली तार तोडली, अशी आठवण वस्तीतली म्हातारी माणसं सांगायची. तार गेली, पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठं वळते ते शहराला माहीत आहे. त्या वस्तीतल्या माणसाला वैश्विक हक्क ही पाश्चात्त्य चैन वाटत नाही. त्याला समाजशास्त्राच्या वर्गात ‘प्रत्येक संस्कृतीला तिच्या चौकटीत समजून घ्या’ असं सांगणाऱ्याची मला काळजी वाटते.

इथं एक घाई टाळली पाहिजे. संस्कृतीवर टीका सुरू झाली की आपल्याकडं लगेच कुणीतरी उठून म्हणतं, मानवी हक्क आमच्याकडं आधीपासूनच होते, मंगळवेढ्यात बसवण्णा राहिले, चोखोबा राहिले, पंढरीचा वाळवंट सगळ्यांना एक मानतो. आपल्या जिल्ह्याला हा अभिमान फार सोपा जातो. पण चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या आत नाही. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांच्या माणसांना विठोबाच्या दारातून आत जायला १९४७ उजाडावं लागलं. सानेगुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं दार उघडलं. दाराच्या दोन्ही बाजूंना वारकरीच होते. दोघांच्या गळ्यात तीच माळ. परंपरेचं रक्षण करणाराही परंपरेतला, तिला हिशेब मागणाराही परंपरेतला. पुढं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले आणि पूजेसाठी सगळ्या जातींच्या लोकांना, बायकांनाही बोलावलं गेलं. त्यानं वारी पाश्चात्त्य झाली का? आषाढीची गर्दी बघून ठरवा.

चोखोबांची मागणी त्यांच्या काळात अल्पमताची होती. तिला आज आपण ‘आमची संस्कृती’ म्हणतो, कारण ती जिंकली, किंवा निदान निम्मी जिंकली. हरली असती तर ती ‘बाहेरच्यांची चिथावणी’ म्हणून नोंदली गेली असती.

हे सगळं मांडल्यावर मला माझ्याच बाजूची एक अडचण सांगायला हवी. समाज, जात, बिरादरी म्हणजे केवळ पंचांचा जाच असता, तर प्रश्न कधीच सुटला असता. माणसं तिथून उठून चालती झाली असती. पण समाजाचं वसतिगृह नसतं तर आमच्या गल्लीतली चार पोरं इंजिनिअर झाली नसती. अक्कांच्या नवऱ्याच्या आजारपणात पहिले पैसे समाजातूनच आले, सरकारी दवाखान्याचा कागद नंतर. सामुदायिक विवाहात पोरीचं लग्न कर्जाशिवाय होतं. मयताला चार खांदे मिळतात. ‘समाज’ म्हणजे गरिबाचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता आज्ञाधारकपणानं भरायचा असतो. आम्ही पगारदार लोक जातीला शिव्या घालू शकतो, कारण आमचा विमा दुसरीकडं उतरवलेला असतो.

म्हणून वाळीत टाकणं ही शिक्षा एवढी भयंकर. मुंबई राज्यानं १९४९ मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या खटल्यात तो रद्द केला: धार्मिक कारणानं माणसाला समाजाबाहेर काढणं हा धर्माच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे. चार न्यायाधीश एका बाजूला, एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरुद्ध. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांना दिसत होतं. तो निकाल पुन्हा तपासावा म्हणून २०२३ मध्ये विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं गेला. दरम्यान महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जातपंचायतीनं दंड लावला, रोटीबेटी बंद केली, मयताला जाऊ दिलं नाही, तर तक्रार करता येते. कायदा चांगला आहे. पण तक्रार केल्यावर त्या बाईनं संध्याकाळी कुणाच्या दारात बसायचं, याची तरतूद कुठल्याच कलमात नाही.

भारत सरकारनंही एकदा जगापुढं ‘आमच्यात’ म्हटलंय. १९९३ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार आपण मान्य केला, पण सोबत एक निवेदन जोडलं: कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हात घालणार नाही. समाजाची संमती! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचारात पडलो, की ती घ्यायची कुणाकडून. समाजाचे अध्यक्ष असतात, सचिव असतात, मंगल कार्यालयाच्या भिंतीवर फेटेवाल्या देणगीदारांचे फोटो असतात. विड्यांना दोरा गुंडाळणाऱ्या मुलीची सही घ्यायला तो कागद कधी गल्लीत येत नाही.

आणि संमतीचं म्हणाल, तर सोलापूरइतकं संमतीचं नाव घेणारं गाव दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. दर संक्रांतीला, भोगीच्या दिवशी, सिद्धेश्वराच्या देवळाजवळ संमती कट्ट्यावर लाखांची गर्दी जमते. सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी. संमतीचं वाचन होतं आणि मगच हातातल्या अक्षता पडतात. आख्यायिका अशी, की कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांपुढं स्वतःच लग्नाची इच्छा सांगितली. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला संमती दिली. आख्यायिकेतून घटनेची कलमं काढायचा खटाटोप मी करणार नाही. ज्यांना तो करायचा असतो त्यांचा हेतू बहुधा वेगळा असतो. पण नऊशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीतली ती मुलगी स्वतः बोलते, आणि आम्ही दरवर्षी तिच्या लग्नाला अक्षता टाकून घरी येऊन आपल्या मुलींची लग्नं त्यांना न विचारता ठरवतो, हे खटकायला जाहीरनामा वाचावा लागत नाही.

अक्कांवर मात्र मी अन्याय करत होतो, हे मला पुढं कळलं. सकाळी सहाला घराबाहेर पडणारा नवरा, कारखान्यात माल द्यायला जाणाऱ्या अक्का, आणि एका खोलीत दिवसभर एकटी वयात आलेली मुलगी. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. वर्षभर थांबलं असतं तर मागितलं असतं. हे हिशेब त्यांनी मला सांगितले नाहीत. ‘आमच्यात असतंय’ असं सांगितलं, कारण ‘आम्हाला भीती वाटते’ आणि ‘आमच्याकडं पैसे नाहीत’ यापेक्षा ते मानाचं आहे. गरिबाला आपली गरिबी झाकायला संस्कृती हे एकच धड वस्त्र उरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांत सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे ‘आमच्यात’ आले. एवढ्या वेगवेगळ्या संस्कृती एकाच वयाला येऊन थांबत असतील, तर कारण संस्कृतीपेक्षा खोलीच्या आकारात शोधावं.

हक्कवाल्यांची चूक इथं होते. त्यांना सोळावं कलम दिसतं. कामाचा आणि पोट भरेल अशा मजुरीचा हक्क सांगणारं तेविसावं दिसत नाही. अन्न, घर, औषधपाणी सांगणारं पंचविसावंही दिसत नाही. जाहीरनाम्यात ती एकाच यादीत होती. १९६६ मध्ये तिचे दोन करार झाले, एक राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक-सामाजिक हक्कांचा. भारत १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला, पण चर्चा कायम पहिल्याचीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सावधानतेचं चित्र छापायचा नियम आला. विडी कारखानदारांनी उत्पादन बंद ठेवलं. आरोग्य हा हक्क, मान्य. बायकांच्या हाताला पर्याय काय, हे चित्र ठरवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं आणि कारखाने बंद करणाऱ्यांनीही. दोघेही बायकांच्या भल्याचं बोलत होते.

त्या दिवसांत मजुरीसाठी मोर्चा निघाला होता. अक्का एव्हाना पासष्टीच्या. लाल झेंडा खांद्यावर, चप्पल हातात, कारण तिचा पट्टा तुटला होता. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, निवृत्त माणूस उभा राहतो तसा.

“या की सर, आपला मोर्चा आहे.”

‘आमचा’ म्हणाल्या नाहीत. मी शंभरेक पावलं गेलो, मग गुडघा दुखायला लागला आणि चौकात थांबलो. चळवळीच्या इतिहासात माझी नोंद एवढीच.

त्यांची धाकटी अलीकडं मला विडी घरकुलच्या स्टॉपवर भेटली. आता तिला दोन मुलं, मोठी मुलगी आठवीत. तिच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मबद्दल विचारत होती. फॉर्म समजावून झाल्यावर मी धीर करून तो जुना विषय काढला. म्हटलं, तेव्हा तुझ्या आईशी बोललो, तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

तिनं जरा वेळ आठवल्यासारखं केलं.

“हो म्हटलं असतं, सर. सतरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय. आईपुढं नाही कोण म्हणणार.” आणि मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, “पण विचारायला पाहिजे होतं की.”

बस आली. फॉर्मवर उत्पन्नाचा दाखला लागतो का, हे तिनं पायरीवरून ओरडून विचारलं. लागतो, असं मी सांगितलं, पण बहुतेक तिला ऐकू गेलं नसावं.